तव्यापासून दोन हातांवर

मेक्सिको सिटीच्या नार्वार्ते भागात युनिव्हर्सिदाद हमरस्ता आणि पेतेन रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर दिवसा मोटारी दुरुस्त करण्याचं गॅरेज चालतं. संध्याकाळी ते काम आवरतं. मग त्याच छपराखाली शेगड्या पेटतात, उभ्या सळईवर रचलेला तांबड्या मांसाचा डोलारा आचेसमोर फिरू लागतो आणि 'एल विल्सितो' हे टाकोचं दुकान सुरू होतं. मध्यरात्र उलटून गेली तरी तिथली गर्दी हटत नाही. हातात ताटली धरून माणसं उभ्या उभ्या खातात, आणखी दोन मागवतात, खातात आणि वाटेला लागतात.

बाहेरून आलेल्या माणसाला ही जागा अजब वाटते. त्या शहराला मात्र तिचं फारसं नवल नाही, कारण टाकोची दुकानं तिथे कुठेही उभी राहतात. मेट्रोच्या दारापाशी, फुटपाथवरच्या पत्र्याच्या टपरीत, एखाद्या इमारतीच्या अरुंद गाळ्यात. मेनूकार्ड नसतं, वेटर नसतो, कित्येकदा स्टूलही नसतं. त्यामागे पैशाची ओढाताण असेल असं वाटतं, पण खरं कारण टाकोतच आहे. टाको बनला की दोन-तीन मिनिटंच तो खरा चांगला लागतो. टॉर्टियाची, म्हणजे मक्याच्या मऊ रोटीची, वाफ निवली की ती चिवट होते, मांसावरची चरबी थिजते, सालसाचं पाणी झिरपून तळ भिजतो. म्हणून खाणाऱ्यालाच तव्याजवळ आणून उभं करायचं, अशी त्या दुकानाची सगळी मांडणी. टेबल, खुर्ची, वाढपी या सगळ्यांनी तवा आणि तोंड यांच्यातलं अंतर वाढतं. एवढं ध्यानात ठेवलं की टाकेरियातल्या, म्हणजे टाकोच्या दुकानातल्या, बाकीच्या विचित्र वाटणाऱ्या रीतींची कारणं आपोआप सापडत जातात.

पुण्या-मुंबईत टाको म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कडक, कुरकुरीत, दुमडलेली पिवळी टरफलं येतात. त्यात चीज, लेट्यूस आणि राजमा भरलेला असतो. ती अमेरिकेची रीत. ग्लेन बेल यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावात 'टाको बेल'चं पहिलं दुकान काढलं आणि आधीच तळून ठेवलेलं ते टरफल जगभर पोचवलं. भारतात ही साखळी २०१० साली बंगळूरला आली. तळलेलं टरफल खोक्यात भरून ठेवता येतं, एका गावाहून दुसऱ्या गावी धाडता येतं, मोठ्या साखळी-दुकानांना तेच परवडतं. मेक्सिकोतही तळलेले टाको असतात, पण ते आधी सारण भरून मग तळतात. रोजचा टाको म्हणजे तळहाताएवढी मऊ, ताजी टॉर्टिया आणि तिच्यावर दोन चमचे सारण. सारणाचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर निम्म्याहून अधिक काम टॉर्टियाचं असतं.

ती टॉर्टिया आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. वाळलेल्या मक्याचे दाणे पाण्यात घालून त्यात खाण्याचा चुना मिसळतात. चुना अगदी थोडा, मक्याच्या वजनाच्या शंभरात एखादा भाग. पाणी तापवून दाणे जरा नरम झाले की आच बंद करतात आणि रात्रभर ते त्याच पाण्यात मुरू देतात. सकाळी दाणा दोन बोटांत धरून चोळला की साल निसटून येतं आणि आतला दाणा मऊ, पण मधोमध किंचित टणक लागतो. पिवळं झालेलं पाणी ओतून दाणे धुतात आणि ओलेच दगडी जात्यातून वाटून काढतात. या दाण्यांना निक्स्तमाल म्हणतात आणि वाटून होणाऱ्या गोळ्याला मासा.

मक्याची भाकरी ज्यांनी कधी थापली आहे त्यांना ठाऊक असतं की नुसत्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. कडा फाटतात, भाकरी दुमडायला गेलं की मोडते. चुन्याच्या पाण्यात दाण्याचं साल विरघळून त्यातले चिकट घटक पिठात उतरतात, दाण्यातला स्टार्च थोडा आधीच शिजतो आणि मासा बांधला जातो. म्हणून टॉर्टिया न तुटता दुमडते. चुना नसता तर टाकोही नसता. पोषणाच्या दृष्टीनेही या रीतीचं मोल मोठं आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, शरीराला ते सहसा मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. कोलंबसनंतर मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्यासोबत गेली नाही. उत्तर इटलीतले आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातले गरीब लोक मक्यावरच दिवस काढू लागले तेव्हा त्यांच्यात पेलाग्रा हा रोग पसरला. तो संसर्गाचा नसून आहाराचा आहे हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४नंतरच्या वर्षांत दाखवून दिलं. नायसिनने तो बरा होतो हे कळायला १९३७ साल उजाडलं. मेक्सिकोतल्या बायका मात्र हजारो वर्षं दाणे चुन्यात मुरवत होत्या.

मका माणसाळला तोही तिथेच. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून शेतकऱ्यांनी तो निवडत निवडत घडवला. या मक्याशी एका मराठी माणसाचं नातं आहे आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात परतायची वाट बंद झाल्यावर देशोदेशी फिरत ते १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी विनाशुल्क शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं, तिना मोदोत्ती यांनी त्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रं काढली. १९६७ साली ते नागपुरात वारले. मेक्सिकोच्या मक्याच्या शेतात एका वैदर्भीय माणसाने घाम गाळला आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत यायला हवं.

पुन्हा तव्याकडे. मेक्सिकोच्या तव्याला कोमाल म्हणतात. माशाची गोळी यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये दाबून चपटी करतात आणि तापलेल्या कोमालवर टाकतात. कडा किंचित सुकल्या की पहिल्यांदा उलटतात. दुसरी बाजू जास्त वेळ राहू देतात, तिच्यावर तपकिरी ठिपके उठेपर्यंत. दुसऱ्यांदा उलटली की, पीठ नीट भिजलेलं असेल तर, ती मध्येच टम्म फुगते. फुगण्याचा अर्थ असा की आतला ओलावा वाफ झाला आणि दोन पदर सुटे झाले. अशी टॉर्टिया लुसलुशीत राहते. न फुगलेली मात्र आतून कच्ची आणि जड लागते. बऱ्याच टाकेरिया टॉर्टिया स्वतः करत नाहीत. वस्तीतल्या टॉर्टियाच्या गिरणीतून दिवसाला काही किलो आणतात आणि कोमालवर पुन्हा गरम करतात. तयार निक्स्तमाल पिठाचाही तिथे मोठा धंदा आहे. 'मासेका' या पिठाची कंपनी १९४९ साली सुरू झाली, आणि पाणी घालून मळलं की काम झालं, ही सोय लोकांना पटली. चवीत फरक पडतोच. ओल्या वाटलेल्या माशाला जो मक्याचा दरवळ येतो, तो पिठाच्या टॉर्टियाला येत नाही. दुकान निवडायचं असेल तर आधी त्या वासाचा माग काढावा.

कुठला टाको कधी मिळतो, हेही त्या पदार्थाच्या शिजण्याच्या वेळेवर ठरतं. बार्बाकोआ सकाळचं, त्यातही रविवार सकाळचं. इदाल्गो राज्याच्या रीतीने घायपाताच्या जातीतल्या 'मागेय' या झाडाच्या पानांत गुंडाळलेलं मेंढीचं मांस जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजतं. मांसातून गळालेला रस खाली भांड्यात जमतो, तो वाडग्यातून वेगळा मिळतो. मिचोआकान राज्याचे कार्नितास म्हणजे तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराच्याच चरबीत तासन्‌तास शिजवलेलं डुकराचं मांस. तेही सकाळी सुरू होतं आणि दुपारी कढई रिकामी होते. भर दुपारी गिसादोचे टाको. मातीच्या नाहीतर मुलाम्याच्या भांड्यांत दहा-बारा तऱ्हेच्या शिजवलेल्या भाज्या आणि रस्से मांडलेले असतात, हवं त्याच्याकडे बोट दाखवायचं. पास्तोर (त्याची गोष्ट पुढे) आणि सुआदेरो रात्रीचे. सुआदेरो म्हणजे गोमांसाचा पोट आणि पाय यांच्यामधला पातळ थर. मधोमध फुगवटा असलेल्या रुंद परातीत खालच्या चरबीत तो हळूहळू शिजत राहतो. गिऱ्हाईक आलं की तुकडा वर फुगवट्यावर ओढून खरपूस करतात.

दोन मिनिटांच्या नियमाला एक अपवाद आहे, टोपलीतला टाको. त्लास्काला राज्यातल्या सान विसेंते शिलोशोचित्ला या गावातली माणसं बटाटा, घेवड्याची उसळ किंवा चिचारोनचं (डुकराच्या तळलेल्या कातडीचं) सारण भरलेले टाको टोपलीत थर लावून, वर कापड-प्लास्टिक गुंडाळून सायकलवरून राजधानीत विकतात. ते टोपलीतल्या वाफेतच मुरतात आणि मऊ, तेलकट, ओलसर होतात. त्यांचं सारण आणि तेल आधीपासूनच मुरण्याच्या हिशेबाने बेतलेलं असतं, म्हणून ते तासन्‌तास टिकतात.

प्रत्येक मांसाला वेगळं भांडं, वेगळी आच आणि वेगळे तास लागतात. त्यामुळे चांगली टाकेरिया एकदोन गोष्टींतच हात बसवते. ज्या पाटीवर बार्बाकोआ, कार्नितास, पास्तोर, मासळी असं सगळं एकत्र लिहिलेलं दिसेल, तिथे यातलं बरंचसं आधी शिजवून ठेवलेलं असणार हे ओळखावं.

रात्रीच्या टाकेरियाची ओळख म्हणजे ट्रोम्पो, भोवऱ्यासारखा वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा मांसाचा उभा डोलारा. त्याची गोष्ट लेबनॉनपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला तुर्की साम्राज्यातून निघालेले लेबनॉनचे लोक मेक्सिकोत आले. उभ्या सळईवर मांस भाजायची रीत त्यांच्यासोबत आली. १९३०च्या दशकात पुएब्ला शहरात 'टाकोस आराबेस' मिळू लागले. त्यांत मांस गव्हाच्या अरबी रोटीत गुंडाळलेलं असे. पुढे मेक्सिको सिटीत त्याचा पुरता कायापालट झाला. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, गव्हाच्या रोटीच्या जागी मक्याची टॉर्टिया, आणि अरबी मसाल्यांच्या जागी आचिओतेच्या तांबड्या बिया, ग्वाहियो मिरची आणि व्हिनेगर. हाच 'अल पास्तोर'. १९५९चं 'एल उएकितो' आणि १९६६चं 'एल तिसोन्सितो' ही दुकानं त्या सुरुवातीच्या काळातली. हा टाको आपणच शोधला, असं 'एल तिसोन्सितो' अभिमानाने सांगतं.

ट्रोम्पो रचणं हे दुपारचं काम. डुकराच्या मांसाचे पातळ पापुद्रे मसाल्यात मुरवून, एकावर एक सळईत खोचत जायचे, मध्ये मध्ये चरबीचे तुकडे घालायचे, म्हणजे भाजताना ती वितळून खालच्या थरांना ओलावा देते. सगळ्यात वर सोललेला अननस. बाजूने गॅसची, काही ठिकाणी अजून कोळशाची आच. डोलारा फिरता असल्यामुळे आचेसमोर येणारी बाजूच शिजते आणि कडा करपतात. शिजलेला तेवढाच पापुद्रा टाकेरो, म्हणजे टाको बनवणारा, उतरवतो आणि आतला कच्चा भाग आचेकडे वळवतो. हे नीट पाहिलं की एक गोष्ट उमगते. ट्रोम्पोचा वेग गिऱ्हाइकांच्या वेगाशी जुळावा लागतो. गिऱ्हाईक नसेल तर बाहेरचा थर आचेसमोर सुकत राहतो. गिऱ्हाईक फार झालं की अधीर टाकेरो अर्धकच्चं मांस उतरवून तव्यावर परततो. तव्यावर परतलेल्या पास्तोरला ट्रोम्पोवरच्या पापुद्र्याची चव येत नाही. म्हणून गर्दी आणि चव यांचं इथे थेट नातं आहे. रात्री नऊनंतर, ट्रोम्पोला पुरेशी मागणी असताना जावं. रिकाम्या दुकानातल्या पूर्ण भरलेल्या ट्रोम्पोपाशी घाई करू नये.

टाकेरोचे हात पाहण्यासारखे असतात. डाव्या हातात दोन टॉर्टिया एकावर एक, तळव्यात जरा वाकवलेल्या. उजव्या हातात लांब पात्याचा सुरा. सुरा वरून खाली एकाच ओढीत उतरतो आणि कापाकापाला पापुद्रे थेट टॉर्टियात पडतात. मध्ये ताटली, चमचा काही नाही. चार-पाच ओढी झाल्या की सुऱ्याचं टोक वर जातं, अननसाला हलकेच छेद देतं आणि मनगटाच्या झटक्याने अननसाची चकती हवेत उडते. डावा हात तिच्याखाली जातो आणि ती टाकोत पडते. बघणारे टाळ्या वाजवतात, पण या कसबाचं काम साधं आहे. अननसाचा आंबटगोडपणा चरबी कापतो, आणि तो तुकडा मांसासोबत त्याच क्षणी, गरम असतानाच पडावा लागतो.

आता आपली पाळी. फळीपाशी जागा मिळवायची आणि टाकेरोच्या नजरेला नजर भिडली की सांगायचं, "दोस दे पास्तोर, कोन तोदो." दोन पास्तोर, सगळ्यासकट. सगळं म्हणजे बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, पास्तोर असेल तर अननसही. नवखी माणसं भूक लागली म्हणून एकदम सहा मागवतात. तसं करू नये. तिसरा खाईपर्यंत सहावा गार झालेला असतो. दोन मागवा, ते संपता संपता पुढचे दोन सांगा. टाकेरोची तीच अपेक्षा असते. तो आठ-दहा जणांच्या मागण्या एकाच वेळी डोक्यात ठेवतो आणि कोणाचा हात रिकामा झाला ते त्याला बरोबर दिसतं.

हातात येते ती छोटी प्लास्टिकची ताटली. कित्येक टपऱ्यांवर तिच्यावर पातळ पिशवी चढवलेली असते. पाण्याची सोय नसलेल्या जागी ताटली धुण्याऐवजी पिशवी बदलतात. पर्यावरणाला ते जड जातं, पण घाईघाईत विसळलेल्या ताटलीपेक्षा मला तो बरा उपाय वाटतो. दोन टॉर्टिया कशासाठी, हे पहिल्या घासाला कळतं. आतली मांसाच्या रसाने भिजून फाटू लागते, बाहेरची तिला सावरते. जाणकार मंडळी खाली सांडलेलं सारण दुसऱ्या टॉर्टियात गोळा करून अर्धा टाको आणखी करतात.

फळीवर सालसाच्या वाट्या मांडलेल्या असतात. लाल तिखट आणि हिरवी सौम्य, ही आपली समजूत तिथे चालत नाही. हिरवी सालसा आंबट तोमातियो (टोमॅटोसारखं हिरवं फळ) आणि सेरानो मिरचीची असते आणि चांगलीच झोंबते. तांबडी कधी सुक्या ग्वाहियोची, रंगाने गडद आणि चवीला मवाळ. तीच आर्बोल मिरचीची असेल तर डोळ्यांत पाणी आणते. अवोकाडोची वाटावी अशी फिकट हिरवी पातळ सालसा दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यात मिरची लपलेली असते. ज्यांच्या घरी तिखटाला मोठा मान आहे अशा मंडळींनीही आधी ताटलीच्या कडेला थेंबभर घेऊन पाहावी, नाहीतर "कुआल पिका मेनोस?" म्हणजे कमी तिखट कुठली, असं विचारावं. मिरची मुळात तिथलीच. आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत पोचली. त्यामुळे तिचे प्रकार आपल्याहून कितीतरी जास्त त्यांच्या हाती आहेत. सालसा घास घेण्याच्या अगदी आधी घालायची, कारण ती ओली असते आणि टॉर्टियाला वेळ देत नाही. लिंबू सगळ्यात शेवटी.

खाताना टाको वाकवायचा नाही. तीन बोटांत तो आडवा धरायचा, कोपर बाहेर काढायचं, कमरेतून पुढे झुकायचं आणि मान तिरकी करून टाकोच्या उघड्या टोकाला तोंड न्यायचं. पुढे झुकल्याने रस कपड्यांवर न पडता जमिनीवर पडतो. हा पवित्रा सगळ्या टपरीभर एकसारखा दिसतो. सुटातला साहेब, शाळकरी पोर, पोलीस, सगळे त्याच कोनात. शेजारचा निघताना "प्रोवेचो" म्हणतो, सावकाश जेवा अशा अर्थाने. ओळख नसली तरी म्हणतो, आणि आपणही निघताना म्हणावं.

पैसे शेवटी. अनेक टपऱ्यांवर कोणी कागदावर मांडून ठेवत नाही. निघताना विचारतात, "कुआन्तोस फुएरोन?" किती झाले? आपण आकडा सांगायचा आणि तेवढे पैसे द्यायचे. हिशेब खाणाऱ्याच्या शब्दावर चालतो. रोज त्याच कोपऱ्यावर येणाऱ्या वस्तीतल्या माणसांच्या भरवशावर ही पद्धत टिकली आहे आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं. जमेल तिथे पैसे घेणारा माणूस टाकेरोपासून वेगळा ठेवतात. एकटाच असेल तर तो पैसे घेताना हातावर पिशवी चढवतो. सुटे पैसे आणि नोटा जवळ असाव्यात, वर थोडी टिप द्यावी.

शाकाहारी माणसाने मात्र सांभाळून राहावं लागतं. "सिन कार्ने", मांस नको, एवढं सांगून भागत नाही. कार्ने म्हटलं की पुष्कळांच्या मनात गाईचं नाहीतर डुकराचं मांस असतं, आणि कोंबडी किंवा हॅम त्यात धरला जात नाही. घेवड्याची उसळ बहुधा डुकराच्या चरबीत परतलेली असते. म्हणून "सिन मान्तेका", चरबीशिवाय, हेही विचारावं. तवा तर सगळ्यांचा एकच. त्यातल्या त्यात दुपारचं गिसादोचं दुकान बरं. पोब्लानो मिरच्यांच्या पट्ट्या सायीत, नोपाल निवडुंगाची भाजी, बटाटा, भोपळ्याची फुलं असे प्रकार तिथे मिळतात. मेक्सिको सिटीत केसादियामध्ये (सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियात) चीज असेलच असं नाही, ते मागून घ्यावं लागतं. गोमांस टाळणाऱ्यांनी 'रेस' हा शब्द लक्षात ठेवावा. सुआदेरो, बिस्तेक, जीभ आणि डोक्याच्या मांसाचे टाको बहुधा त्याचेच असतात. पास्तोर आणि कार्नितास डुकराचे, 'पोयो' म्हणजे कोंबडी.

अशा टपरीला मोठ्या मानाची गरज नव्हती, तरी तो तिला मिळाला. २०२४ साली मिशलॅन मार्गदर्शिकेची मेक्सिकोसाठीची पहिली आवृत्ती निघाली. तारा मिळालेल्यांमध्ये सान राफाएल भागातलं 'एल कालिफा दे लेओन' होतं. १९६८ सालचं हे दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय दहा फुटांचा गाळा. खुर्च्या नाहीत, यादीत चारच टाको. त्यातला 'गाओनेरा' प्रसिद्ध बैलझुंजार रोदोल्फो गाओना यांच्या नावाचा. गोमांसाच्या कोवळ्या भागाचा पातळ काप गिऱ्हाइकासमोर तापल्या तव्यावर पडतो, वर मीठ आणि लिंबू, आणि तो ताज्या टॉर्टियावर येतो. आचारी आर्तुरो रिवेरा मार्तिनेस तिथे वीस वर्षांहून अधिक काळ तव्यापाशी उभे राहिलेले. परीक्षकांनी तारा दिला तो कच्चा माल, आच आणि वेळ यांच्या मेळाला. टेबल-खुर्च्यांचा त्यात काही वाटा नव्हता. मेक्सिकोचं पारंपरिक अन्न युनेस्कोने २०१० सालीच अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं होतं. मला मात्र या गाळ्याचा तारा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो एका चालत्या तव्याला मिळाला आहे.

आपल्याकडे आता शहराशहरांत मेक्सिकन म्हणवणारी उपाहारगृहं निघत आहेत. दहा पानांचं मेनूकार्ड, मंद दिवे आणि गव्हाच्या गार रोटीत गुंडाळलेलं चीज, असं बरंचसं त्यांचं रूप. ज्यांना खरोखर टाकोचं दुकान काढायचं आहे त्यांच्यासाठी माल हाताशी आहे. वाळलेला मका आपल्याकडे मुबलक पिकतो. स्वीट कॉर्नने हे काम होणार नाही. खाण्याचा चुना बाजारात मिळतो, कांदा, कोथिंबीर, लिंबू, अननस आणि मिरची तर दारात आहे. पास्तोर नको असेल तर गिसादोच्या रीतीने शाकाहारी सारणंही भरपूर करता येतील. अशांना एवढंच सांगणं आहे, खुर्च्यांच्या आधी ओला मका वाटणारं जातं घ्या, यादी चार टाकोंवर आणा आणि तवा गिऱ्हाइकाच्या समोर ठेवा.